चारनंतर या

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पाहुणा नको म्हणाला की वाटी पुन्हा भरायची असते. हा स्वभाव घेऊन कोथरूडात नांदायला आले आणि इतकी वर्षं निभावलं, पण मांजराच्या पिल्लांनी माझा निकाल लावला.

प्राण्यांच्या एका संस्थेतून तीन पिल्लं आमच्याकडे आली. पेठेतला वाडा पाडताना लाकडांच्या ढिगात सापडलेली. 'माणसाळवून द्या, मग कायमचं घर शोधू,' एवढंच मागणं. अडचण वयाची होती. पिल्लाला माणसाची सवय सहज लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. ही दोन महिन्यांची, म्हणजे प्रवेशाची मुदत उलटल्यावर अर्ज घेऊन आलेली.

सगळं घर मोकळं दिलं तर अशी पिल्लं फ्रिजमागे वस्ती करतात, म्हणून सुरुवात लहान खोलीत करायची. आमच्याकडे लहान खोली म्हणजे मागची बाथरूम. अख्ख्या घराच्या आंघोळी पुढच्या बाथरूमवर आल्या आणि सासऱ्यांनी दारावर वेळापत्रक चिकटवलं. त्यात माझी वेळ नव्हती.

मी फरशीवर बसकण मारली. "ये रे बाळा, ये माझ्या राजा," म्हणत डोळे भरून पाहिलं आणि हात पुढे केला. पाऊण किलोचा पिवळा बोका पाठ उंचावून असा फिस्कारला, की मीच कमोडला टेकले.

संस्थेतली मुलगी आली आणि तिने नियम सांगितले. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, मांजराला ती धमकी वाटते. हाका मारायच्या नाहीत. आपण होऊन जवळ जायचं नाही. खाणं ठरल्या वेळी, आपण समोर असतानाच द्यायचं आणि वेळ संपली की बशी उचलायची. दूध तर नाहीच, पोट बिघडतं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे घरी आलेल्या माणसाशी वागतात तसंच ना?"

त्या दिवसापासून खातं त्यांच्याकडे गेलं.

खाणं म्हणजे उकडलेलं चिकन. आमच्या घरात अंडंसुद्धा बिचकत येतं. मी भीत भीत सांगितलं, मीठ नको आणि कांदा-लसूण मांजरांना विषासारखे, तेही नकोत. सासूबाईंचा चेहरा उजळला. "कांदा-लसूण नाही? मग चातुर्मासातही चालेल की!" आणि जुनं पातेलं काढून दिलं.

पिल्लांच्या कानांवर माणसाचा आवाज पडत राहायला हवा, हे काम सासऱ्यांनी मागून घेतलं. दाराशी स्टूल टाकून ते रोज अग्रलेख वाचू लागले. पिल्लं हलली नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेणारे हे पहिलेच.

सासूबाई मात्र पिल्लांकडे पाठ करून मेथी निवडत बसायच्या. दुपारी एकनंतर तिथेच डुलकी. आता, मांजराच्या भाषेत डोळे सावकाश मिटणं म्हणजे 'माझ्यापासून भय नाही'. त्या बिचाऱ्या पेंगत होत्या आणि समोरून तीन जोड्या डोळे त्यांना विश्वासाने उत्तर देत होते. एका दुपारी तिरंगी पिल्लू (तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं) येऊन त्यांच्या पदरावर झोपलं. सासूबाईंनी एक डोळा उघडला, "पदराला नखं लावायची नाहीत," असं बजावलं आणि मिटला. माझ्या लांब दांड्याच्या चमच्यावरचं चिकन पिवळा अजून लांबूनच चाटत होता.

यथावकाश पिल्लं घरभर हुंदडू लागली आणि बाणेरचं एक जोडपं त्यांना बघायला दुपारी दीडला येऊन ठेपलं. सासूबाईंनी दार वीतभर उघडलं. "चारनंतर या."

आले चारनंतर. गॅलरीला जाळी आहे का, लसी कुठे देणार, नसबंदी करणार ना, अशी उलटतपासणी झाली. ते दोघं हात मांडीवर ठेवून गप्प बसले होते. नजर खाली, आवाज हळू. पिवळा पुढे होऊन त्यांचे मोजे हुंगू लागला, तरी हलले नाहीत.

सासूबाई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी लागल्या, "देऊन टाकू. बरी माणसाळलीयेत."