आपलाच असा, मग काय!

‘येवा, कोकण आपलाच असा’ हे वाक्य आम्ही इतकी वर्षं पाट्यांवर रंगवत आलो, पण त्यात एक गफलत राहून गेली. ‘आपलाच’ म्हणजे नेमका कोणाचा, ते लिहिलंच नाही. तुम्ही पर्यटकांनी मात्र ते पहिल्याच फेरीत बरोबर ओळखलंत. मालवणजवळ माझ्या दोन खोल्या आहेत, न्याहारीसकट भाड्याने देतो. त्यातल्या एकीला मी ‘समुद्रदर्शन’ म्हणतो. न्हाणीघरातल्या स्टुलावर उभं राहिलं तर दिसतो. तेव्हा मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे आधीच कबूल करून तुमच्यासारख्या मालकलोकांना चार सूचना करतो.

पहिली गोष्ट, दोन रात्रींच्या वर राहू नका. सिंधुदुर्गाला १२१ किलोमीटरचा किनारा आहे. विजयदुर्ग ते रेडी एवढा सगळा शनिवार-रविवारात संपवायचा तर वाटेत कुठे उतरणं परवडणार नाही. कोकण रेल्वेनेही येऊ नका. खिडकीतून नद्या, बोगदे बघण्यात वेळ जातो आणि कुडाळला उतरलात की हाताशी गाडी नसते. महामार्गाने या. चौपदरीकरण २०११ साली सुरू झालेला हा रस्ता आता स्वतःच एक ऐतिहासिक ठिकाण झाला आहे.

आलात की आधी सिंधुदुर्ग किल्ला. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी कामाला हात घालण्याआधी पूजा केली ती जागा. तिथे जाऊ नका, पार्किंगपासून लांब पडतं. होडीत बसा. किल्ला ४८ एकरांचा आणि होडीवाला वेळ देतो तासाभराची, म्हणजे फोटो वजा जाता वीस मिनिटं उरतात. तेवढ्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघून घ्या. चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या या तीन विहिरी कशा, असा विचार मनात यायच्या आत पाण्याची बाटली विकत घ्या, प्या आणि रिकामी तटावरून खाली सोडा. पायाच्या दगडांत शिसं ओतून बांधलेला तट आहे तो, तुमच्या बाटलीने ढासळणार नाही. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात गेलात की शिवाजी महाराजांच्या मूर्तीकडे बघून मोठ्याने विचारा, “अरे, पण दाढी कुठाय?” पुजाऱ्यांना हा प्रश्न अगदी नवीन असतो. किल्ल्यात आजही काही घरं नांदती आहेत. त्यांच्या अंगणात शिरा, वाळत घातलेल्या लुगड्यांसमोर फोटो काढा आणि घरातल्या म्हातारीला विचारा, “आजी, इथे बोअर नाही का होत?” ती हसेल. त्याचा अर्थ तुम्हाला कळणार नाही, कळायची गरजही नाही.

मग स्कुबा. मालवणचा समुद्र १९८७ सालापासून अभयारण्य आहे, पण समुद्राला कुंपण नसल्यामुळे ते लक्षात येत नाही. खाली पोवळ्यांचे खडक आहेत. पाय टेकायला काहीतरी हवंच ना, टेका. पोवळं बोटभर वाढायला किती वर्षं लागतात हे सांगणारा कोणी भेटला तर नाकातोंडात पाणी गेल्यासारखं करा. पाण्याखाली माशांना पाव भरवतानाचा व्हिडिओ घ्यायचा, वर येऊन घराघरांत पाठवायचा आणि मग जेवायला बसून म्हणायचं, “मासा लहान आहे हो.”

जेवणाचं निघालंच आहे तर सांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, माश्यांचा विणीचा काळ म्हणून. नेमके तेव्हाच या आणि ताजं पापलेट मागा. नाही म्हटलं तर “एवढं समुद्राकाठी राहून?” असं विचारा. हा प्रश्न मला गेल्या पावसात एकाच आठवड्यात तिघांनी विचारला. बांगड्याच्या कालवणात तिरफळाच्या काळपट गोळ्या दिसतील, त्या बाजूला काढू नका, दाताखाली धरून नीट चावा. नंतर अर्धा तास जिभेला काहीच कळत नाही, त्यामुळे आमच्या आईच्या हातच्या जेवणाबद्दल तुम्ही जे लिहिणार आहात ते लिहायला सोपं जातं.

आता मुख्य विषय, गाडी वाळूत घालण्याचा. एवढी चारचाकी घेतली ती काय डांबरावर चालवायला? गेल्या दिवाळीत माझ्याकडे उतरलेल्या एका पाहुण्यांनी सकाळी सातला आपली पांढरीशुभ्र गाडी थेट ओल्या वाळूत नेली. ड्रोन उडवायचा होता. ड्रोन उडाला, गाडी बसली. चाक जितकं फिरवावं तितकं खाली जाई आणि दर लाटेला पाणी थोडं अधिक आत येई. त्याच वेळी शंभर पावलांवर रापण चालली होती. रापण म्हणजे तुम्ही रीलमध्ये ‘लोकल व्हाइब’ म्हणून टाकता ते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि अख्खी वाडी ती ओढते. मागे मागे सरकत, टाचा वाळूत रोवत. मिळेल त्याचे वाटे होतात, हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा.

तर त्यातला एक म्हातारा दोर सोडून आला. गुडघ्याच्या वर दुमडलेली लुंगी, तळहात दोराने सोललेले. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “भाऊ, भरती लागली. गाडी व्हावान जातली.” पाहुण्यांनी मला विचारलं, “हे काय म्हणतायत?” मी भाषांतर केलं, “गाडी वाहून जाईल.” मग मात्र त्यांचा चेहरा गाडीपेक्षा पांढरा झाला. वाडीतले अर्धे लोक रापण सोडून आले, तोच दोर गाडीला बांधला, त्याच टाचा त्याच वाळूत रोवल्या आणि तासाभराने गाडी सुक्या वाळूवर आली. तिकडे अर्ध्या हातांनी रापण नीट ओढली गेली नाही, एका बाजूने जाळं उचललं गेलं, मासळी निसटायची ती निसटली. पाहुण्यांनी दोनशे रुपये काढले, “सगळ्यांत वाटून घ्या” म्हणाले आणि जाता जाता टोपलीतले चार बांगडे उचलले. ताजे होते. हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा, नियम काय त्यांनाच नव्हता?

विजयदुर्गाला गेलात तर ग्रहण बघायला आलेल्या गोऱ्या शास्त्रज्ञांचे ‘साहेबांचे ओटे’ दाखवतील. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात इथूनच हेलियमचा शोध लागला, असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. त्याला अडवू नका. हेलियमचं श्रेय ज्या दोघांना देतात त्यांपैकी फ्रेंच जान्सनने ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं आणि इंग्रज लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. तो विजयदुर्गाला आला १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. पण हे सगळं बाजूला ठेवा. कोकणात ऑगस्टच्या अठरा तारखेला सूर्य दिसला, यावरच ज्याचा विश्वास बसतो त्याला आणखी काय सांगणार?

संध्याकाळी ‘काही कल्चरल आहे का’ असं तुम्ही विचारता. आहे. कार्तिकापासून गावोगाव जत्रा सुरू होतात आणि जत्रेत दशावतार असतो. तो रात्री उशिरा सुरू होतो, पहाटे संपतो. ही वेळ तुमच्या सोयीने ठरवलेली नाही याबद्दल दिलगीर आहे. तुम्ही साडेनऊला जा. देवळामागे एक माणूस ट्रंकेवर बसलेला दिसेल, मांडीवर तळहाताएवढा आरसा, स्वतःच स्वतःच्या भुवया कोरतोय. दिवसा तो शेतात असतो किंवा दुकानात. आज त्याला द्रौपदी व्हायचं आहे. नऊवारीच्या निऱ्या करताना तो शेजारच्याशी कापलेल्या भाताबद्दल बोलत असतो आणि कुंकू लावलं की आवाज बदलतो. हा बदल होण्याच्या नेमक्या क्षणाला त्याच्या तोंडावर फ्लॅश मारा. रंगमंचावर नेपथ्य म्हणून एकच बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच पर्वत. संवाद कुणी लिहून दिलेले नसतात, आख्यान ठरतं आणि नट तिथल्या तिथे बोलतात. तुम्ही सुरुवातीला येणाऱ्या गणपतीला हात जोडा, संकासुर राक्षसाचा व्हिडिओ घ्या आणि अकराच्या आत निघा. खरं नाटक त्यानंतर सुरू होतं, म्हणजे तुमचं काही चुकत नाही.

पिंगुळीला थांबूच नका. कुडाळच्या अगदी जवळ असल्यामुळे ते कुणाच्या यादीत येत नाही. तिथे ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोव्याची दारू तिथून पुढे मिळते.

शेवटी एक चालीरीत कानावर घालतो. आमच्या आचऱ्याला दर काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल घ्यायचा आणि अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्यासुद्धा. बाहेर झोपड्या घालतात, मासे पकडतात, भजनं करतात, गाव रिकामं. असं का, याची उत्तरं जितकी तोंडं तितकी आहेत. आमच्या वाडीत ही रीत नाही. पण परवा रापणीच्या दोरावर तो लुंगीवाला म्हातारा म्हणाला की नाताळच्या आठवड्यात आपणही करून बघूया, आणि पहिल्यांदाच अख्ख्या वाडीचं एकमत झालं. तेव्हा तुम्ही अवश्य या. किल्ली पायरीखालच्या करवंटीत ठेवली आहे, पाणी विहिरीतून शेंदून घ्यायचं आणि गाडी बसली तर दोर रापणीच्या खोपीत आहे.