‘अभ्यास केला असता तर भीती वाटली नसती’: हे खरं नाही

फेब्रुवारी उजाडला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘अभ्यास केलेल्या मुलाला परीक्षेची भीती वाटत नाही. आमच्या वेळी असली नाटकं नव्हती. मुलांना थोडा धाक हवाच. भीती वाटतेय? अभ्यास वाढवा.’ बावीस वर्षं दहावीला गणित शिकवतेय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिलंच वाक्य चुकीचं आहे. फळ्यावर प्रमेय घडाघडा सिद्ध करणारी मुलगी सराव परीक्षेत जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका देऊन गेलेली मी पाहिली आहे. गणित सोडवताना आकडे, सूत्र, पुढची पायरी हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं, आणि ती जागा मुळातच तुटपुंजी असते. ‘नापास झाले तर? बाबा काय म्हणतील?’ हे तिथे येऊन बसलं की सूत्र बाहेर पडतं. लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच या भीतीचे दोन भाग वेगळे दाखवले: अंगाची धडधड आणि मनातला काळजीचा धोशा. मार्कांना जास्त नडतो तो धोशा. आपण ओरडतो तेव्हा नेमका तोच वाढवतो.

‘आमच्या वेळी नव्हतं’? होतं. पेपरच्या सकाळी होणाऱ्या उलट्यांना तेव्हा पित्त म्हणायचे, एवढंच.

धाकाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून ही कल्पना आली: थोडा ताण कामाला लावतो, फार झाला की काम बिघडतं. पण त्याच प्रयोगांत काम अवघड असेल तर ताण लवकर बाधतो, हेही दिसलं होतं. भूमितीचा पेपर पंधरा वर्षांच्या मुलाला सोपा वाटत नाही. त्यात घरून आणखी धाक कशाला?

राहिलं ‘अभ्यास वाढवा’. तास वाढवून, झोप तोडून उपयोग नाही. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. सराव खऱ्या परीक्षेसारखा हवा. घड्याळ लावून, पुस्तक मिटून, शक्यतो अनोळखी खोलीत जुना पेपर सोडवू द्या. मी मुलांना पेपरआधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर उतरवायला सांगते. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला. फार घाबरणाऱ्या मुलांचे गुण त्यात सुधारले होते. प्रत्येकाला लागू पडेल असं नाही, पण खर्च एका कागदाचा आहे.

आणि पालकांनो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा: निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते, आणि एकदोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. मूल जेवेनासं, झोपेनासं झालं, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, तर पेपर बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. नंबर १४४१६, फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.