कार्बनच्या सायकलीला खरोखर मुदत असते का?

"कार्बन फायबरची फ्रेम पाच वर्षांत थकते, उन्हाने तिचे रेझिन खराब होते आणि ती पूर्वसूचना न देता मोडते, धातूची मात्र जन्मभर टिकते," असे महागडी सायकल घेऊ पाहणाऱ्याला कोणीतरी हमखास सांगतेच. यातला पूर्वसूचनेचा मुद्दा तेवढा अर्धा खरा आहे.

थकव्याविषयी वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. वारंवार येणाऱ्या ताणाने सूक्ष्म तडे वाढत जाणे हे मुळात धातूंचे दुखणे आहे. पोलाद एका मर्यादेखालचा ताण जवळजवळ अमर्याद वेळा सोसते. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादाच नसल्याने लहानसहान ताणही त्याच्या खात्यावर साचत राहतात. १९९७ साली 'टूर' या जर्मन मासिकाने १२ फ्रेमींची यंत्रावर थकवा-चाचणी घेतली, तेव्हा तीनच शेवटपर्यंत टिकल्या: एक कार्बनची, दोन ॲल्युमिनियमच्या. पोलाद आणि टायटॅनियमच्या सगळ्या तडकल्या. यावरून पोलाद टाकाऊ ठरत नाही. नळीची जाडी आणि जोडांची घडण पदार्थाच्या नावापेक्षा अधिक निर्णायक असते, एवढेच दिसते.

उन्हाचा मुद्दा किरकोळ आहे. अतिनील किरण उघड्या इपॉक्सीचा (कार्बनचे धागे बांधून ठेवणाऱ्या रेझिनचा) पृष्ठभाग खराब करतात हे खरे, पण रंगाचा आणि लॅकरचा थर त्यासाठीच असतो. कार्बनची बदनामी बहुधा सुरुवातीच्या फ्रेमींमुळे झाली असावी: त्यांत कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या जोडांत चिकटवलेल्या असत, घामाच्या खारटपणाने तिथे ॲल्युमिनियम गंजे आणि सांधा सुटे.

धातू आधी सूचना देतो, हेही नेहमीच खरे नसते. २००६ च्या पॅरिस–रूबे शर्यतीत जॉर्ज हिंकॅपी या अमेरिकन सायकलपटूच्या सायकलीची स्टीअरर नळी (पुढच्या चाकाचा चिमटा हँडलला जोडणारी नळी) ऐन शर्यतीत तुटली, आणि ती ॲल्युमिनियमची होती.

कार्बनची खरी दुखरी बाजू म्हणजे टोकदार आघात आणि अतिरेकी आवळणी, कारण धातूला पोचा पडतो, तर कार्बनचे थर आतल्या आत सुटूनही वरचा रंग शाबूत राहू शकतो. म्हणून बोल्ट अंदाजाने न पिळता टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने), भागावर छापलेल्या आकड्यापर्यंतच (बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास) आवळावेत आणि जोरात पडल्यावर कार्बनचा हँडलबार बदलावा. जुनी फ्रेम विकत घेताना तिचे वय विचारण्याआधी ती कितीदा आपटली हे विचारावे, आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, काढून ती आवळणाऱ्या क्लॅम्पखालची जागा उजेडात पाहावी.