चार फटके दिले की वाचता येतं?

परवा धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. सगळीकडे फिरतोय तो. 'डिस्लेक्सिया हे इंग्रजी शाळांनी काढलेलं नवं खूळ. आमच्या वेळी चार फटके बसले की सगळे वाचायला लागायचे. सवलतींनी पोरं आळशी होतात. असली मुलं वर्गात ठेवली की हुशारांचं नुकसान.' डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचायला, लिहायला जड जाणं. रात्री तासगावहून भावजयीचा फोन. "ताई, मी मारत नाही म्हणून मागं पडलाय का हो तो?" रडत होती.

आधी फटक्यांचं. भावजयीचा चौथीतला मुलगा, माझा भाचा, 'घर'चं 'धर' वाचतो, 'भात'चा 'मात' करतो, जोडाक्षर आलं की ओळच सोडतो. त्याच पोराला आजोबांनी बेदाण्याच्या शेडमध्ये विचारलं, 15 किलोचे 8 बॉक्स, किती झाले? हातातलं काम न थांबवता म्हणाला, 120. फटका मारून याला 'घ' आणि 'ध' वेगळे दिसणार आहेत? येतं तेही भीतीने जाईल. मी स्वतः प्राथमिकला शिकवते. आणि 'आमच्या वेळचे सगळे' म्हणजे कोण? ज्यांना वाचता आलं नाही ते चौथीतच शाळा सोडून गुरांमागे गेले. त्यांना कुणी मोजलंच नाही. शिवाय 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलांना मारायला बंदी आहे.

नवं खूळ? 1896 साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरने 14 वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहून ठेवलंय. पर्सी हे स्वतःचं नाव तो प्रेसी असं लिहायचा. गणितं मात्र सुटायची. त्याचे मास्तर म्हणत, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. वाचताना मला भाचाच दिसला.

एवढं मान्य करते की मागे पडणारं प्रत्येक मूल अध्ययन अक्षम (डिस्लेक्सिया हा त्यातलाच प्रकार) नसतं. डोळे, कान आधी तपासावेत. भाच्याचे तपासले, ठीक आहेत. ऊसतोडीसाठी गाव सोडावं लागणाऱ्यांच्या मुलांची शाळाच बुडते. त्यांना अक्षमतेचा दाखला नको, शिकवणी हवी.

सवलत म्हणजे फुकटचे मार्क नव्हेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, आणि जादा वेळ, लेखनिक हे त्याच कायद्यात लिहिलंय. जादा वेळ किंवा लेखनिक मिळाला तरी प्रश्नपत्रिका तीच असते, उत्तर त्याच्याच डोक्यातून यावं लागतं.

हुशारांचं नुकसान म्हणे! जोडाक्षर फोडून, वाळूत गिरवून दाखवलं की शेजारच्या चौघांनाही कळतं, हे मी रोज बघते.

भावजयीला सांगितलंय, सोमवारी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेट. त्याच्या तपासणीसाठी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे, पोच घे. रात्री धडा तू वाचून दाखव, उत्तरं तो सांगेल.

आणि भाऊ, तो मेसेज आजच्या आज काढ. तुझा मोबाईल पोराच्या हातात असतो. अक्षर अक्षर जुळवत का होईना, 'असली मुलं' एवढं त्याला वाचता येतं.