‘सिटीज: स्कायलाइन्स २’ फसला त्याचं खापर खेळाडूंवर नको

‘सिटीज: स्कायलाइन्स २’ या शहर बांधायच्या कॉम्प्युटर गेमचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. नोव्हेंबर २०२५मध्ये, तो बनवणारा कोलोसल ऑर्डर हा स्टुडिओ ही मालिका सोडणार असं जाहीर झालं, तेव्हापासून तर तो जास्तच फिरतोय. म्हणणं असं: गेम मुळात चांगलाच होता. लोकांनी त्याची तुलना आठ वर्षं डीएलसी (नंतर वेगळे विकले जाणारे जादा संच) घालून घालून भरलेल्या पहिल्या भागाशी केली. जुनाट पीसीवर चालवला आणि ‘अडकतोय’ म्हणून ओरडले. पात्रांच्या दातांवरून मीम केले. तक्रार काय ती फ्रेम रेटची, म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रं येतात त्याची, बाकी खेळ उत्तम. जरा थांबले असते तर सगळं मिळालं असतं, त्याऐवजी एका छोट्या स्टुडिओला शिव्या घालून घालवलं.

मी पहिला भाग सातशेच्या वर तास खेळलोय आणि दुसऱ्याची वाट पाहणाऱ्यांपैकीच आहे. म्हणून हे ऐकून गप्प बसवत नाही.

डीएलसीच्या तुलनेपासून सुरुवात करू. पहिला भाग १० मार्च २०१५ला आला तेव्हा त्यात बोगदे नव्हते. ते दोनेक महिन्यांनी फुकट अपडेटमधून आले. रात्र होत नव्हती. ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली. तरी पहिल्याच दिवशी अडीच लाख प्रती खपल्या आणि लोकांनी गेम डोक्यावर घेतला. दोन वर्षांपूर्वी, २०१३मध्ये, ‘सिमसिटी’ या शहर बांधायच्याच दुसऱ्या गेमने याच खेळाडूंना सर्व्हरच्या रांगेत उभं केलं होतं आणि दोन किलोमीटरच्या तुकड्यात शहर मांडायला लावलं होतं. स्कायलाइन्सने त्यांना मोठा नकाशा दिला, इंटरनेटशिवाय खेळू दिलं आणि पहिल्या दिवसापासून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या वर्कशॉपवर मॉड्स, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेल्या जोडण्या, खुले केले. काय नाही यापेक्षा जे आहे ते नीट चालतंय का, हे या लोकांनी पाहिलं होतं. दुसऱ्या भागात सायकली नाहीत ही कुरबूर जरूर होती, पण पैसे परत मागायची वेळ सायकलींमुळे आली नाही.

आता जुनाट पीसी. २०२३च्या जूनमध्ये आगाऊ नोंदणी सुरू झाली तेव्हा किमान गरज जीटीएक्स ७८० या ग्राफिक्स कार्डाची आणि शिफारस त्याहून बऱ्याच ताकदवान आरटीएक्स २०८० टीआयची होती. सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे गेम यायला महिनाही उरला नसताना, किमान जीटीएक्स ९७० आणि शिफारस थेट आरटीएक्स ३०८० अशी झाली. त्याच घोषणेत कन्सोलची आवृत्ती पुढे ढकलली. आपल्याकडे बहुतेक घरांत ग्राफिक्स कार्ड एकदा घेतलं की पाच-सहा वर्षं तेच पुरवतात. जूनमधला आकडा वाचून ज्याने पैसे भरले, त्याने चूक काय केली? आणि ज्यांच्याकडे तेव्हाचं सगळ्यात महागडं आरटीएक्स ४०९० होतं, त्यांनाही ४के या बारीक रिझोल्यूशनवर सगळी सेटिंग्ज वर ठेवून सेकंदाला ६० फ्रेम मिळत नव्हत्या. २४ ऑक्टोबरला गेम यायच्या आधी स्टुडिओनेच सांगितलं होतं की परफॉर्मन्सचं ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलेलं नाही. गेम आल्यावर सल्ला मिळाला तो रिझोल्यूशन कमी करा, डेप्थ ऑफ फील्ड बंद करा, व्हॉल्युमेट्रिक्स आणि ग्लोबल इल्युमिनेशन उतरवा, म्हणजे चित्र देखणं करणाऱ्या सोयीच कमी करा, असा. बनवणाऱ्यांनीच कबूल केलेल्या गोष्टीचा दोष आपण खेळाडूच्या कॅबिनेटवर कसा काय टाकतो?

दातांच्या मुद्द्यावर मात्र माझ्या बाजूच्या लोकांनाही टोकायला हवं. ‘दातांमुळे गेम स्लो झाला’ हे अर्धसत्य आहे. पात्रांच्या तोंडात प्रत्येक दात वेगळा घडवलेला होता आणि लांबून पाहताना वापरायचं हलकं मॉडेल, ज्याला एलओडी म्हणतात, ते पात्रांना नव्हतंच, हे खरं. स्टुडिओनेही ते मान्य केलं. पण एका प्रोग्रॅमरने गेमच्या एका फ्रेमची चिरफाड करून दाखवली तेव्हा चित्र मोठं निघालं. लाकडाच्या वखारीत दिसणाऱ्या ओंडक्यांच्या एका ढिगाला त्याचा आकार घडवणारे एक लाखाहून जास्त बिंदू होते. आकाशातून पाहताना तो ढीग नखाएवढाही दिसत नाही, तरी कार्डाला त्याचा हिशेब करावा लागतोच. शिवाय सावल्यांचा खर्च अफाट. इमारतीमागे झाकलेल्या वस्तू वगळण्याची सोय कच्ची. मुळाशी होती युनिटी या गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरची (इंजिनाची) नवी डॉट्स प्रणाली. तिने लाखो नागरिकांचं गणित झेपवलं, पण चित्र काढायची बाजू तेव्हा अर्धीमुर्धी होती आणि उरलेलं काम तीसेक माणसांच्या स्टुडिओला स्वतः रचावं लागलं. त्यांच्याबद्दल मला सहानुभूतीच वाटते. पण हे सगळं तयार होण्याआधी गेम पन्नास डॉलरला विकायला काढला, याच्याशी दातांवर हसणाऱ्यांचा काय संबंध?

‘शहर बांधायच्या खेळाला ३० फ्रेम पुरे’ हे मला मान्य आहे. मी वर्षानुवर्षं त्याहून कमीवर खेळलोय. त्या ३० तरी टिकायला हव्या होत्या.

खरा राग येतो तो ‘बाकी खेळ उत्तम’ या शब्दांचा. रस्ते आखायची साधनं उत्तम होती, त्याबद्दल शंकाच नाही; वळण ओढताना हात कसा सहज फिरतो ते ज्याने पहिल्या भागात चौक जुळवताना घाम गाळलाय त्यालाच कळेल. ४४१ तुकड्यांचा नकाशाही डोळे दिपवणारा. पण शहर बांधायच्या खेळाचा जीव आहे तो आपण केलेल्या गोष्टीचे भोग भोगण्यात. पहिल्या भागात एकदा माझ्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी ट्रकची रांग लागली, ती महामार्गावर चढली, मागे शववाहिन्या अडकल्या आणि दूरच्या एका गल्लीत घरांवर कवटीची चिन्हं उगवली. रात्री दीडपर्यंत शोधत होतो. कारण एवढंच की एका उतारावर मी दोन सिग्नल फार जवळ आणले होते. एक रस्ता तोडून शंभर मीटर पुढे जोडला आणि वीस मिनिटांत गल्ली जिवंत झाली. त्या आनंदासाठी माणूस सातशे तास घालतो.

दुसऱ्या भागात बजेट उघडलं की उत्पन्नाच्या बाजूला सरकारी अनुदानाची एक ओळ असायची. शहर तोट्यात गेलं की अनुदान वाढायचं. प्रत्येक टप्प्याला बक्षिसाचे पैसे वेगळे. आपल्याकडे एखादी सेवा कमी असली तर शेजारच्या शहरातून ती यायची आणि तिचे पैसे लागत नव्हते. म्हणजे कर चुकले, शाळा जास्त झाल्या, उद्योग उपाशी राहिले, तरी शहर तगायचं. कुठल्याही आलेखातून चूक शोधावी असं वाटायचं नाही, कारण चूक दुखतच नव्हती. काहींनी मुद्दाम वाईट कारभार करून पाहिला आणि दिवाळं निघत नाही हे दाखवून दिलं. फ्रेम रेट कार्ड बदलून वाढवता येतो. खेळातली जोखीमच काढून घेतली तर खेळाडूने काय बदलायचं?

खेळ उत्तमच होता, तर जून २०२४मध्ये ‘इकॉनॉमी २.०’ का आणावी लागली? त्या अपडेटने अनुदान काढून टाकलं आणि बाहेरून येणाऱ्या सेवांवर शुल्क लावलं. टीका करणारे आठ महिने हेच सांगत होते. अपडेटनंतर माझं शहर पहिल्यांदा तोट्यात गेलं. एक दवाखाना बंद केला, बसचे दोन मार्ग कापले, कर वाढवला तर घरं रिकामी होऊ लागली म्हणून परत उतरवला. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी या गेमसमोर जेवण विसरून बसलो होतो.

‘थांबायचं होतं’ म्हणणाऱ्यांनी मधला काळही आठवावा. परफॉर्मन्स सुधारेपर्यंत पैसे घेऊन डीएलसी देणार नाही, असं २०२३च्या नोव्हेंबरात स्टुडिओच्या प्रमुख मारीना हालिकाइनेन यांनी सांगितलं होतं. मॉड्स बनवायचा एडिटर बीटा (चाचणी आवृत्ती) म्हणून आला तो २५ मार्च २०२४ला, पाच महिन्यांनी, आणि त्याच दिवशी ‘बीच प्रॉपर्टीज’ हा दहा डॉलरचा संच विक्रीला आला. स्टीमवर शंभरातल्या दहांनीही त्याला पसंती दिली नाही. एप्रिलमध्ये कोलोसल ऑर्डर आणि प्रकाशक पॅराडॉक्स या दोघांनी मिळून माफी मागितली, संच फुकट केला, पैसे परत केले. माफी मागण्याइतकी चूक त्यांना स्वतःला दिसली. तीच चूक बोट ठेवून दाखवणाऱ्याला उतावळा का म्हणायचं?

राहिला शिव्यांचा आरोप. शिव्या दिल्या गेल्या, हालिकाइनेन यांनी त्याबद्दल जाहीरपणे लिहिलं आणि त्यांचं दुःख रास्त आहे. काम करणाऱ्या माणसांच्या अंगावर जाणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण स्टीमवरच्या अभिप्रायात ‘शिफारस नाही’ असं लिहून खाली कारणं देणं म्हणजे शिवी नव्हे, आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजणं त्या हजारो लोकांवर अन्याय आहे. स्टुडिओ कशामुळे गेला याबद्दल दोन्ही कंपन्यांनी एवढंच म्हटलंय की वेगळं होण्याचा निर्णय परस्परसंमतीचा आहे. २०२६च्या सुरुवातीपासून काम पॅराडॉक्सच्याच आइसफ्लेककडे गेलं, तोही कोलोसल ऑर्डरसारखा फिनलंडमधल्या टाम्पेरेतलाच स्टुडिओ. खेळाडूंचं नाव त्या निवेदनात कुठेही कारण म्हणून आलेलं नाही, ते नंतर लोकांनी जोडलं.