पिकअपचा एसी गरम हवा फेकतोय? नुसता गॅस भरून भागत नाही

‘एसीतला गॅस दरवर्षी संपतो, टॉप-अप केला की झालं’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. गॅस डिझेलसारखा जळत नाही. बंद पाइपांतून फिरत राहतो. बराच कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर संशय तिथेच. आधी गळती काढा, मग व्हॅक्यूम करून (पाइपांतली हवा-ओल पंपाने ओढून काढून) बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढाच गॅस वजनाने भरा. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो, हे मेसेजवाले सांगत नाहीत!

आणि चालताना गार, सिग्नलला गरम असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा (रेडिएटरसमोरची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पंखा बघा. गॅस ठीकही असू शकतो.