पोस्टरातल्या माणसाच्या हातात पोतं का नसतं?

काल ४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. छातीला बिल्ला, हात पुढे करून शपथ, मग समोसा. यंदा आमच्या स्टोअरच्या भिंतीवर नवं पोस्टरही लागलं: 'गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, वजन अंगाजवळ धरा.' सल्ला चुकीचा नाही. पण चित्रातल्या माणसाच्या हातात चौकोनी खोकं आहे, आणि खोक्याला दोन्हीकडून धरायला खाचा!

आमच्याकडे येतं ते ५० किलोचं पोतं.

फोटो अण्णांना दाखवला. त्यांची हयात मार्केट यार्डात हमालीत गेली, तीही १०० किलोच्या पोत्यांच्या काळात. चष्मा वर सरकवून म्हणाले, "खोकं कुणीबी उचलंल. पोतं लोळतं रं."

लोळतं. पोत्याला ना कड, ना मूठ. कान धरून उचलावं तर आतला माल एकीकडे घसरतो आणि कंबर त्याच्यामागे वळते. आणि दहाव्या थरावर पोतं चढवताना गुडघे वाकवून काय करायचं?

दहा थर ही सिमेंटच्या थप्पीची भारतीय मानकातली मर्यादा. आठच्या वर गेलात तर पोती आडवी-उभी गुंतवून लावायची. आमच्याकडे मी बारा थर पाहिलेत. गेल्या पावसाळ्यात एका पोरानं थप्पीच्या पोटातून दोन पोती ओढली. (जुना लॉट आधी संपवा, असं त्याला सांगितलेलं. जुना लॉट खाली होता.) वरचा भाग हळूच कलला, आधी नुसता भुरका उडाला, मग आवाज. पायावर निभावलं. अहवालात कारण काय? 'कामगाराचा निष्काळजीपणा.'

इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३४ मध्येच होतं. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं १९९१ चं सूत्र तर आकडाच देतं: वजन अंगाजवळ, कमरेच्या आसपास, पकड चांगली, वळणं नाही, असं सगळं जुळून आलं तर २३ किलो. मग उंची, वळण, पकड, दिवसभराच्या खेपा यांची वजावट सुरू होते. म्हणजे आमचं पोतं कुणी हात लावायच्या आधीच दुपटीहून जड. त्यात टोळीला पैसे टनावर. सावकाश उचला म्हणजे कमी कमवा, असं पोस्टर कुणी छापत नाही.

म्हणून मला वाटतं, पाठ कशी ठेवायची हे हमालाला शिकवण्याआधी पोतं केवढं मागवायचं हे परचेसला, म्हणजे खरेदी खात्याला, शिकवा. मी २५ किलोची बॅग मागवा म्हणून लिहिलं होतं. (तीही २३ च्या वरच, पण असो.) उत्तर आलं, 'पॅकिंगचा खर्च वाढतो, सध्या शक्य नाही.'

आज परत मेल टाकलाय. सोबत त्या पोराच्या रजेचा पगार, एक्स-रे आणि प्लॅस्टरचं बिल, अन् फुटलेल्या पोत्यांचा हिशेब जोडलाय.